उंच प्रदेश आणि पोटातील रक्तस्राव : एक अभ्यास

(बी. ए. द्वितीय वर्ष, भूगोल)

भूगोलाच्या विद्यार्थ्याने पोटाच्या विकारावर लेख लिहावा हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. वैद्यकशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. या लेखातील वैद्यकीय माहिती मी ग्रंथालयात बसून, शब्दकोश उघडा ठेवून, अडखळत अडखळत जमविलेली आहे. परंतु या विषयाचे मूळ भूगोलातच आहे. ‘समुद्रसपाटीपासून जसजसे उंच जावे तसतसा वायुभार कमी होत जातो’ हे वाक्य आपण शाळेपासून पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि दोन गुण मिळाले की विसरतो. त्या वाक्याचा एखाद्या माणसाच्या जठराशी काय संबंध असू शकतो, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळले. तो माणूस म्हणजे माझे आजोबा.

आमचे घर जिंतूर तालुक्यातले. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. आजोबांचे वय अडुसष्ट. सारे आयुष्य कोरडवाहू शेतीत गेलेले, त्यामुळे गुडघे पार झिजले आहेत. आपल्या भागाचे भाग्य असे की दोन ज्योतिर्लिंगे हाकेच्या अंतरावर आहेत. एक शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ; दुसरे औंढा नागनाथ, जे १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. ही दोन्ही दर्शने झालेल्या माणसाला पुढे केदारनाथाची ओढ लागते. गावच्या भजनी मंडळाने गेल्या मे महिन्यात यात्रा ठरविली, तेव्हा आजोबांनी सर्वांत आधी नाव घातले. आजी म्हणाली, “गुडघ्याचं कसं करता?” आजोबा म्हणाले, “महादेव नेईल की.”

महादेवावर भरवसा होताच, पण निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला औषधाच्या दुकानात पाठविले. गुडघेदुखीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या तीन पट्ट्या मीच आणून दिल्या. डॉक्टरांची चिठ्ठी कुणी मागितली नाही, आणि मीही काही विचारले नाही. याशिवाय दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आल्यापासून रक्त पातळ राहावे म्हणून ॲस्पिरिनची लहान गोळी त्यांना रोज चालू होतीच.

येथे नकाशा उघडावा अशी वाचकांना विनंती आहे. परभणी शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३५० मीटर. सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, आणि तेथून हरिद्वार. हरिद्वारची उंची ३१४ मीटर. म्हणजे हजाराहून अधिक किलोमीटर अंतर तोडून आमचा यात्रेकरू होता त्याच उंचीवर, किंबहुना थोडा खालीच, पोहोचलेला असतो. त्याला वाटते हिमालय आला; त्याच्या फुप्फुसांना मात्र अजून परभणीच सुटलेली नसते. खरा प्रवास त्यानंतरचा. गौरीकुंड १९८२ मीटरवर, आणि तेथून १६ किलोमीटरच्या पायवाटेने केदारनाथ ३५८३ मीटरवर. हरिद्वारहून निघालेला माणूस दोन दिवसांत सव्वातीन हजार मीटर वर चढतो. हेलिकॉप्टरने जाणाऱ्याची शेवटची चढण तर काही मिनिटांतच उरकते. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे. अडीच हजार मीटरच्या वरच्या प्रदेशाला वैद्यकात सामान्यतः ‘अतिउंच’ म्हणतात, तसा प्रदेश आपल्या राज्यात कोठेच नाही. मराठी माणसाची त्या हवेशी गाठ पडते ती सैनिक म्हणून, गिर्यारोहक म्हणून, नाहीतर यात्रेकरू म्हणून. यांपैकी पहिल्या दोघांना तयारी करून पाठवितात. तिसरा आपला हरिनामावर जातो.

आजोबा चालत चढले. अंगात कापरे भरविणारी थंडी, भूक मेलेली, दिवसभरात चहा आणि एखादे बिस्कीट. पाय दुखू लागले की रिकाम्या पोटी गोळी. रात्री पुन्हा गोळी. दर्शन उत्तम झाले, दुसऱ्या दिवशी मंडळी खाली उतरली. परतीच्या गाडीत त्यांना शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले. ते कुणाला बोलले नाहीत. बाहेरच्या खाण्याने झाले असेल असे त्यांनी धरले. शिवाय आपल्याकडे ही गोष्ट चारचौघांत बोलायची नसते. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ते गोठ्यात चक्कर येऊन पडले. जवळच्या एका दवाखान्यात प्रवासाचा अशक्तपणा म्हणून सलाईन लावले आणि अंग दुखते म्हणतात म्हणून वेदनाशामक इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी परभणीला आणले. तेथील डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “बाबा, शौचाला काळं होत होतं का?” आजोबांनी मान खाली घालून हो म्हटले. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात रक्त झरणारा व्रण दिसला. दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. आजोबा वाचले.

घरी जाताना हातात इंग्रजी कागद मिळाला आणि तो वाचायला सर्वांनी माझ्याकडे दिला. ‘मेलिना’, ‘एनएसएआयडी’, ‘इरोशन’. अक्षरे मी वाचली, अर्थ एकाचाही कळला नाही. ‘कॉलेजात जातोस ना?’ असे चुलते तोंडाने म्हणाले नाहीत. डॉक्टर निघताना सहज बोलून गेले होते की, एवढ्या उंचीवर, थंडीत, रिकाम्या पोटी या गोळ्या आणि वर ॲस्पिरिन, मग दुसरे काय होणार? त्यातील ‘एवढ्या उंचीवर’ हे शब्द माझ्या डोक्यात राहिले, आणि प्रस्तुत अभ्यास तेथून सुरू झाला.

प्रथम हवेचा विचार करू. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते आणि ते केदारनाथला गेले तरी २१ टक्केच राहते. ‘वर ऑक्सिजन कमी असतो’ असे आपण म्हणतो ते या अर्थाने बरोबर नाही. कमी होतो तो दाब. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. परभणीत तो सुमारे ७३०. केदारनाथच्या उंचीवर पाचशेच्या आसपास. आणि साडेपाच हजार मीटरवर समुद्रसपाटीच्या निम्मा. ऑक्सिजन रक्तात ढकलला जातो तो या दाबाच्या जोरावर. दाब दोन तृतीयांश उरला की प्रत्येक श्वासात पदरी पडणारा ऑक्सिजनही त्याच मानाने घटतो.

अशा टंचाईत शरीर काय करते? श्वास आणि नाडी वाढवते, आणि असलेला साठा वाटून देताना भेदभाव करते. हे समजून घ्यायला आपल्याला परदेशी उदाहरणाची गरज नाही. वीज कमी पडली की मोठ्या शहरांचा पुरवठा चालू राहतो आणि खेड्यांच्या फीडरवर लोडशेडिंग होते. शरीराचा कारभारही असाच आहे. मेंदू आणि हृदय यांचा पुरवठा सांभाळला जातो आणि पोटाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. थंडी आणि थकवा यांमुळे हे आकुंचन आणखी वाढते. जठर हे शरीरातले खेडे म्हणायला हरकत नाही.

आता या खेड्यात काय चालते ते पाहू. जठरात हायड्रोक्लोरिक अम्ल तयार होते. मांस पचविणारे हे अम्ल जठर स्वतःला पचवू देत नाही, कारण त्याच्या आतील अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्या थरात अम्ल मारणारा क्षार असतो, आणि खालून वाहणारे रक्त आत शिरलेले अम्ल सतत वाहून नेत असते. अस्तराच्या पेशी झिजतात आणि थोड्याच दिवसांत नव्या येतात. या साऱ्या डागडुजीला रक्त आणि ऑक्सिजन लागतो. तो तुटला की थर पातळ होतो, अम्ल आत शिरते, अस्तर ओरखडल्यासारखे होते आणि तेथून रक्त झरू लागते. वर उंचीवर माणूस पाणी कमी पितो, कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जास्त जाते, आणि पुढे तांबड्या पेशी वाढून रक्त घट्ट होते. घट्ट रक्त बारीक वाहिन्यांतून सावकाश सरकते, हा आणखी एक भार.

गोळ्यांचे काम येथेच येते. जठराचा श्लेष्मा आणि रक्तप्रवाह राखण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात. ॲस्पिरिनसारखी औषधे ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. गंमत अशी की गुडघ्यातली वेदनाही याच कुळातील द्रव्यांमुळे जाणवते. म्हणजे गोळी गुडघ्याला आराम देते ती ज्या मार्गाने, त्याच मार्गाने जठराचे कुंपण मोडते. शिवाय ॲस्पिरिनमुळे रक्त गोठण्याची क्रियाही मंदावते. मी आणलेल्या तीन पट्ट्यांनी एक कुंपण मोडले, उंचीने आणि थंडीने दुसरे मोडले, आणि झरू लागलेले रक्त थांबविणारे जे होते ते ॲस्पिरिनने दुबळे केले.

या ठिकाणी थोडे विषयांतर करतो, कारण ही हकीकत वाचल्यापासून मला कुणाला तरी सांगायची होती. जिवंत माणसाच्या जठराच्या आत डोकावणारा पहिला मोठा निरीक्षक म्हणजे अमेरिकन सैन्यातील डॉक्टर विल्यम बोमाँट. ६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराच्या पोटात बंदुकीचा बार उडाला. तो जगला, पण पोटावरचे छिद्र जठरासह उघडेच राहिले. बोमाँटने त्याला नोकरीस ठेवून त्या छिद्रातून वर्षानुवर्षे निरीक्षणे केली आणि १८३३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. दारू जास्त झाली की फिकट गुलाबी अस्तर लाल होते, त्यावर चट्टे पडतात, आणि एवढे होऊनही त्या माणसाला वर काही जाणवतही नाही, हे त्याने पाहिले. या न जाणवण्याचे महत्त्व मला आजोबांवरून कळले. त्यांचे पोट फारसे दुखलेच नव्हते. वेदनाशामक गोळी व्रणाचे दुखणेही झाकते, हा त्यातला आणखी एक धोका. सेंट मार्टिन हा बिचारा गरीब, निरक्षर माणूस. त्याच्या पोटाने शास्त्राचे केवढे काम केले, आणि त्यात त्याची खुशी किती होती हा प्रश्न मात्र अजून विचारला जातो.

उंचीवर पोटातून रक्त पडण्याची नोंदही जुनी आहे. होसे दे आकोस्ता हा स्पॅनिश धर्मोपदेशक सोळाव्या शतकात पेरू देशातील पारियाकाका पर्वत ओलांडत होता. त्याला भयंकर ओकाऱ्या सुरू झाल्या. अन्न पडले, कफ पडला, हिरवेपिवळे पित्त पडले आणि शेवटी रक्त पडले, असे त्याने १५९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. तेथील हवा इतकी विरळ आहे की ती माणसाच्या श्वासाला मानवत नाही, असा तर्क त्याने केला. वायुभारमापक यंत्राचा शोध टॉरिचेल्लीने त्यानंतर अर्ध्या शतकाने लावला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तर्काचे मोल कळते. रक्त वरच्या वाटेने पडते आणि खालच्या वाटेनेही पडते, हा भेद आपल्या आयुर्वेदालाही ठाऊक होता. चरकसंहितेत रक्तपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे प्रकार सांगितलेले आहेत. उंचीशी त्याचा संबंध मात्र तेथे नाही. आपल्या वैद्यांना बहुधा सपाटीचेच रोगी भेटत असावेत.

या विषयावरचा सर्वांत मोठा पुरावा तिबेटच्या रेल्वेतून आला. गोलमुड ते ल्हासा हा ११४२ किलोमीटरचा लोहमार्ग १ जुलै २००६ रोजी सुरू झाला. त्याचा सर्वोच्च बिंदू तंगुला खिंडीजवळ ५०७२ मीटरवर आहे. तो बांधताना सपाटीवरून हजारो मजूर वर नेण्यात आले. वू त्येन्यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात तंगुला पर्वतावर, ४९०५ मीटर उंचीवर काम करणाऱ्या १३,५०२ कामगारांची पाहणी केली आणि २००७ साली ती प्रसिद्ध केली. त्यात ०.४९ टक्के कामगारांना जठर-आतड्यांतून रक्तस्राव झाल्याचे आढळले. अर्धा टक्का हा आकडा लहान दिसतो. पण तो असा वाचावा की दर दोनशे मजुरांमागे एकाच्या पोटातून रक्त गेले, आणि तेही कामासाठी निवडलेल्या, धडधाकट माणसांत. उंची वाढली की प्रमाण वाढते, आणि बहुतेकांना त्रास सुरू होतो तो वर पोहोचल्यापासून तीन आठवड्यांच्या आत, असेही दिसले. रुग्णांना खाली गोलमुड किंवा शिनिंग येथे आणून दुर्बिणीने तपासले, तेव्हा जठराचा रक्तस्रावी दाह, जठरातील व्रण, लहान आतड्याच्या पहिल्या भागातील व्रण आणि अस्तरावरचे ओरखडे ही कारणे सापडली.

धोका कुणाला अधिक? फार दारू पिणारे, ॲस्पिरिन घेणारे, डेक्सामेथासोन घेणारे, आधीपासून व्रण असलेले, आणि ज्यांचे रक्त उंचीमुळे फार घट्ट झाले आहे असे लोक. ही यादी मी ग्रंथालयात वाचली तेव्हा ‘ॲस्पिरिन’ या शब्दावर थोडा वेळ थांबलो. डेक्सामेथासोनची गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. विरळ हवेमुळे मेंदूला सूज येते तेव्हा हेच औषध जीव वाचविते, त्यामुळे उंचावर ते लागतेच. प्रश्न येतो तो कुणीतरी सांगितले म्हणून आपल्या मनाने खिशात घालून नेण्याचा.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे भाग आहे. केदारनाथ तंगुलापेक्षा तेराशे मीटरने खाली आहे, आणि आजोबा तेथे एकच रात्र राहिले. तेव्हा त्यांचा रक्तस्राव उंचीनेच झाला असे मी म्हणणार नाही. इतके वय, इतक्या गोळ्या आणि उपाशी पोट असताना तो जिंतूरला बसूनही झाला असता. जठरव्रणामागे बहुधा एक जंतूही असतो. तो ऑस्ट्रेलियातील वॉरेन आणि मार्शल यांनी १९८२ मध्ये शोधला व २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. माझे मत इतकेच की, काठावर उभ्या असलेल्या जठराला उंचीने धक्का दिला असावा. आमच्या भूगोलाच्या सरांना हे दाखविले तेव्हा ते म्हणाले, “कारण एकच असते असे मानणे ही परीक्षेची सवय आहे.”

आपल्या देशात या बाबतीत सर्वांत अधिक शिकले ते सैन्य, आणि त्याची किंमत देऊन शिकले. १९६२ च्या चीन युद्धात सपाटीवरच्या तुकड्या घाईघाईने उंच डोंगरांत न्याव्या लागल्या. त्यानंतर इंदरसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११,००० ते १८,००० फूट उंचीवर १९२५ भारतीय सैनिकांचा अभ्यास केला. तो १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि पर्वतीय आजारांवर जगभर आधार मानला गेला. आज सैनिकाला वर नेताना टप्पे पाडलेले आहेत. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,००० फुटांपर्यंत आणखी चार दिवस, त्याहून वर जायचे तर पुन्हा चार दिवस. पहिले दोन दिवस तर नुसती विश्रांती. आमच्या गावचा एक जवान लेहला, म्हणजे सुमारे साडेतीन हजार मीटरवर होता. तो सांगतो की विमानातून उतरल्यावर धावावेसे वाटले, पण धावू दिले नाही. खोलीत पडून राहायचे आणि पाणी प्यायचे. केदारनाथ आणि लेह यांच्या उंचीत शंभर मीटरचाही फरक नाही. एकीकडे वीस वर्षांच्या पैलवान पोराला दोन दिवस निजवून ठेवतात, आणि दुसरीकडे अडुसष्ट वर्षांचा म्हातारा त्याच दिवशी काठी टेकीत चढून जातो. पर्वतवैद्यकाचा साधा नियम असा आहे की तीन हजार मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. यात्रेच्या वेळापत्रकात हा नियम बसत नाही. अमरनाथच्या यात्रेला, जी ३८८८ मीटरवर जाते, आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे, ही चांगली गोष्ट. मात्र प्रमाणपत्र मिळाले म्हणून पिशवीतल्या गोळ्या पिशवीबाहेर येत नाहीत.

जे लोक तेथेच जन्मतात व राहतात त्यांचे काय, असा प्रश्न सहज पडेल. अडीच हजार मीटरच्या वर जगात आठ कोटींहून अधिक माणसे राहतात. पेरूमधील ला रिंकोनादा ही सोन्याच्या खाणीची वस्ती तर पाच हजार मीटरच्याही वर आहे. तिबेटी लोकांच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या असे बदल झाले आहेत की त्यांचे हिमोग्लोबिन फारसे वाढत नाही. २०१० साली त्यामागचे जनुकही ओळखले गेले. अँडीज पर्वतातील लोकांत मात्र रक्त घट्ट होण्याचा विकार बराच आढळतो. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंहे यांनी १९२५ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला मोंहेचा रोग म्हणतात. पुरुषाचे हिमोग्लोबिन २१ च्या वर गेले की हा विकार धरतात. आपल्या गावात अंगात रक्त कमी म्हणून आयाबाया हैराण, आणि तिकडे रक्त जास्त म्हणून माणसे आजारी! असे घट्ट रक्त असणारा माणूस वर सांगितलेल्या यादीत येतोच. त्याच्या बाबतीत आणखी एक फसवणूक संभवते. रक्त मुळातच जास्त असल्यामुळे थोडे गेले तरी तो फिकट दिसत नाही, आणि पापणी ओढून पाहणाऱ्यालाही चटकन काही कळत नाही.

राहता राहिला ओळखण्याचा प्रश्न. वरच्या बाजूने रक्त पडले तर ते लाल असते, किंवा जठरात अम्लाशी मिसळून काही वेळ राहिले असेल तर चहाच्या चोथ्यासारखे काळपट तपकिरी दिसते. खालच्या बाजूने येणारे रक्त आतड्यांतून येता येता काळे होते. शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि एका विशिष्ट उग्र वासाचे असते. यालाच मेलिना म्हणतात. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते सहसा इतके चिकट आणि उग्र नसते. याशिवाय उभे राहताच अंधारी येणे, धाप लागणे, घाम फुटणे, नाडी जलद चालणे ही लक्षणे असतात. पंचाईत अशी की उंचावर धाप आणि चक्कर सर्वांनाच येते, त्यामुळे रक्त चालले आहे हे त्या गर्दीत लपून जाते. म्हणून रंगच विचारावा लागतो. असे काही दिसले तर गोळ्या ताबडतोब थांबविणे, रोग्याला खाली आणणे आणि रुग्णालयात पोहोचविणे एवढेच करायचे असते. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन थांबवायची की नाही हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. ती मनाने सोडल्यास दुसरेच संकट येते. तंगुलाच्या पाहणीतही लवकर ओळखलेले आणि लवकर खाली आणलेले कामगार लवकर बरे झाले.

यंदा भजनी मंडळाची यात्रा पुन्हा निघणार आहे. नावांची वही माझ्याकडे आली आहे, कारण अक्षर बरे आहे. नाव, वय, मोबाईल क्रमांक, भरलेली रक्कम हे रकाने आधीचेच होते. मी पट्टीने आणखी तीन आखले : रोजच्या गोळ्या कोणत्या, गुडघ्याची गोळी घेता काय, पूर्वी पोटात व्रण किंवा काळे शौच झाले होते काय. अर्ध्याहून अधिक मंडळींच्या पुढे दुसऱ्या रकान्यात ‘होय’ लिहावे लागले. तिसऱ्या रकान्याला लोक हसतात किंवा दुसरीकडे बघतात. परवा एक शेजारीण आजी ओट्यावर नाव लिहायला आल्या. तो प्रश्न ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “असलं काय इचारतो रं पोरा?” आजोबा आत खाटेवर पडलेले होते. तेथूनच ते म्हणाले, “सांग बाई, लाजू नको. मी लाजलो, अन् दोन बाटल्या रक्त लागलं.”